छपाईला नऊ, वायफायला चार

मी सांगलीत विश्रामबागच्या बाजूला राहते आणि घरीच शिष्यवृत्तीच्या शिकवण्या घेते. सराव परीक्षेचा एक पेपर म्हणजे ७५ प्रश्न, १५० गुण. बुद्धिमत्ता चाचणीच्या आकृत्या धरून मुलामागे आठ-दहा पानं सहज जातात, शिवाय ओएमआरची उत्तरपत्रिका वेगळी. परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत झेरॉक्सच्या दुकानात जे पैसे जायचे ते बघून ह्यांनी एकदा कॅल्क्युलेटर काढला, आणि मग आम्ही शाईच्या टाकीचा वायफायवाला प्रिंटर घेतला. प्रिंट, स्कॅन, कॉपी अशी तिन्ही कामं करणारा, चौदा हजारांच्या आतला. एक आख्खं शैक्षणिक वर्ष तो राबवून झाल्यावर हा अभिप्राय लिहितेय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. खाली जी तक्रार आहे ती या किमतीच्या बहुतेक वायफाय प्रिंटरांबद्दल ऐकायला मिळते. नाव लिहिलं की निम्मे लोक "आमचा तर छान चालतो" म्हणतात, उरलेले "मी सांगितलंच होतं" म्हणतात, आणि मुद्दा राहतो बाजूला.

आधी चांगलं सांगते, कारण ते थोडक्यात संपतं. छपाई सुरेख आहे. दहाच्या टाइपातसुद्धा रफार, अनुस्वार, 'ष्ट्य'सारखी जोडाक्षरं स्वच्छ उठतात. आकृत्यांमधल्या बारीक रेषा तुटत नाहीत. ओएमआरचे गोल खरंच गोल येतात. काळ्या शाईच्या एका बाटलीत चार-साडेचार हजार पानं निघतात असं कंपनी म्हणते. माझा अनुभव त्याच्या जवळपास आहे. म्हणजे पानामागे शाईला दहा-बारा पैसे, त्यापेक्षा कागदच महाग. बाटलीचं तोंड असं केलंय की निळ्याच्या टाकीत पिवळी शाई जातच नाही, आणि ओतताना हातही काळे होत नाहीत. दोन्ही बाजूंनी आपोआप छापण्याची सोय मात्र नाही. पानं हाताने उलटून घालावी लागतात. रंगीत छपाईवर पाण्याचा थेंब पडला की रंग पसरतो. माझं काम बहुतेक काळ्यात असल्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. छपाईला दहापैकी नऊ गुण, बिनशर्त.

आता वायफाय.

खोक्यावर वायफायचं चिन्ह तळहाताएवढं छापलंय. त्या वायफायमध्ये नेमकं काय आहे ते मात्र कडेला मुंगीच्या अक्षरात: २.४ गिगाहर्ट्झ, ८०२.११ बी/जी/एन. म्हणजे या प्रिंटरला ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही. एरवी याने काही अडत नाही. प्रश्नपत्रिका छापायला कुठे मोठा वेग लागतो, उलट २.४ च्या लहरी भिंतीतून जास्त चांगल्या जातात. आमचं घर जुनं, भिंती जाड, आणि वर्ग मागच्या खोलीत. तिथे माझ्या फोनवर ५ चं वायफाय मरतं पण २.४ पोचतं. अडचण येते ती जोडणी करताना. हल्लीचे राउटर दोन्ही वायफाय एकाच नावाने दाखवतात. फोन राउटरजवळ असला की तो ५ वर बसतो, प्रिंटर बिचारा २.४ वर चाचपडतो, आणि कंपनीचं अ‍ॅप "प्रिंटर सापडला नाही" म्हणून हात वर करतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ चं वायफाय तेवढ्यापुरतं बंद केलं तेव्हा जोडणी पहिल्या फटक्यात झाली. नंतर ५ परत चालू केलं तरी बिघडत नाही. ही गोष्ट माहितीपत्रकात पहिल्या पानावर असायला हवी होती. ती कुठेच नाही.

दुसरी मोठी खोट म्हणजे या प्रिंटरला स्क्रीन नाही. नुसते दिवे. हिरवा हळू लुकलुकला तर एक अर्थ, भरभर लुकलुकला तर दुसरा, हिरवा आणि केशरी आळीपाळीने पेटले तर तिसरा. कुठल्या लुकलुकण्याचा काय अर्थ ते एका मोठ्या घडीच्या कागदावर छापलंय, आणि तो कागद मी आता वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मुलांना वाटतं, नवीन सांकेतिक भाषेचा प्रश्न आहे.

एवढं सगळं चालवून घेतलं असतं. पण पहिल्याच महिन्यात खरा आजार सुरू झाला. वर्गातल्या कॉम्प्युटरवर पेपर तयार, प्रिंटची आज्ञा दिली, आणि उत्तर आलं "ऑफलाइन". प्रिंटरकडे बघावं तर हिरवा दिवा शांतपणे पेटलेला. बंद करून चालू केला, तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तेच. कंटाळून तोच पेपर व्हॉट्सअ‍ॅपवर फोनला पाठवला आणि फोनवरून प्रिंट दिली, तर घर्रकन पानं बाहेर. मुलाच्या लॅपटॉपवर तर तिसराच प्रकार: कधी निघायचं, कधी नाही. एकाच खोलीत एकच प्रिंटर तिघांशी तीन प्रकारे वागतो म्हणजे काय?

मदतीसाठी फोन केला तेव्हाची एक गोष्ट आधी सांगते, कारण ती प्रिंटरपेक्षा महत्त्वाची आहे. प्रिंटरच्या मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधायला गेलात तर वरच्या वर जे नंबर दिसतात त्यात भामट्यांचे नंबर बेमालूम मिसळलेले असतात. ह्यांनी असाच एक नंबर लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. दुसऱ्याच मिनिटाला त्याने कॉम्प्युटरचा ताबा दुरून घ्यायचं अ‍ॅप उतरवायला सांगितलं, आणि नंतर म्हणाला की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असल्यामुळे प्रिंटर ऑफलाइन आहे, तीन हजार भरा. ह्यांनी तिथेच फोन ठेवला. त्याच कॉम्प्युटरवर आमचं बँकेचं काम चालतं! नंबर घ्यायचा तो वॉरंटीच्या कार्डावरचा किंवा प्रिंटरच्या अंगावर चिकटवलेला. शोधून सापडलेला अजिबात नको.

खऱ्या नंबरावर बाई सभ्य होत्या, मराठी बोलायलाही तयार होत्या. पण त्यांच्यासमोर एक ठरलेली यादी होती आणि त्या ओळ सोडायला तयार नव्हत्या. प्रिंटर बंद करून चालू करा. राउटर बंद करून चालू करा. सॉफ्टवेअर काढून परत घाला. "फोनवरून छापलं जातंय, कॉम्प्युटरवरून नाही" हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं; त्यावर "बरोबर आहे मॅडम, आता कंट्रोल पॅनल उघडा." पुढे वॉरंटीत घरी मुलगा आला. व्यवस्थित, वेळेवर आलेला, चप्पल बाहेर काढून आत येणारा. त्यानेही तेच केलं: सॉफ्टवेअर काढलं, परत घातलं, चाचणीचं पान काढून दाखवलं, सही घेतली आणि गेला. तेवढ्यापुरतं सगळं झकास. मग एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, लाइट गेली, आली, आणि प्रिंटर पुन्हा ऑफलाइन.

कोडं सोडवलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. आता तो इथेच वालचंद कॉलेजात इंजिनीअरिंगला आहे, आणि धाकट्या बहिणीला सोडायला येतो. त्याने प्रिंटरला हातसुद्धा लावला नाही. "फोनवरनं निघतंय ना, बाई? मग प्रिंटरला काय झालं नाही. त्याचा नंबर बदललाय आणि तुमच्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नाही."

हे नंबराचं प्रकरण मला नीट समजावून घ्यावंसं वाटलं, आणि समजल्यावर हेल्पलाइनवर इतका वेळ का गेला याचाच राग आला. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक आकडा देतो, आयपी अ‍ॅड्रेस. आमच्याकडे तो १९२.१६८.१ अशा आकड्यांनी सुरू होतो आणि शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. हा आकडा कायमचा नसतो, मुदतीवर दिलेला असतो. उपकरण बराच वेळ बंद राहिलं आणि मुदत संपली, तर तोच आकडा दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. राउटरच बंद होऊन चालू झाला तर साधे राउटर आधीचं वाटप विसरतात, आणि मग जो आधी मागेल त्याला आधी मिळतं. वर्गातल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर घातलं तेव्हा प्रिंटरचा आकडा ७ होता, म्हणून कॉम्प्युटरने '७ वर पाठव' असं लिहून ठेवलं. लाइट गेल्यावर ७ आकडा गेला सासूबाईंच्या टॅबला आणि प्रिंटरला मिळाला १२. कॉम्प्युटर आपला ७ वरच पेपर पाठवतोय. भाडेकरू बदलला तरी दूधवाल्याने जुन्याच दारात पिशवी ठेवून जावं तसं. फोन मात्र आकडा लिहून ठेवत नाही. तो दर वेळी सगळ्या घरात हाळी देतो, "प्रिंटर कोण आहे?", आणि प्रिंटर "मी" म्हणतो. म्हणून फोनवरून निघतं.

मुलाच्या लॅपटॉपचा 'कधी हो, कधी नाही' हा प्रकारही इथेच उलगडला. तिथे प्रिंटर विंडोजने आपणहून शोधून जोडला होता, डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरने प्रिंटरकडे पानं पाठवायची वाट. तो आकड्यावर अवलंबून नसतो, फोनसारखाच हाळी देतो. पण प्रिंटर झोपेत असला आणि उत्तर यायला वेळ लागला की तो सरळ ऑफलाइन समजून मोकळा होतो.

आणि सॉफ्टवेअर काढून परत घातलं की का चालायचं? कारण घालताना ते प्रिंटर नव्याने शोधतं आणि त्या दिवशीचा आकडा लिहून घेतं. पुढची लाइट जाईपर्यंत सगळं ठीक. हेल्पलाइनवाल्या बाईंनाही वाटणार, तक्रार मिटली. वॉरंटीतला मुलगाही सही घेऊन जाणार. आजार तसाच राहतो, ताप तेवढा उतरतो. कंपनीची सेवा नम्र आहे, वेळेवर आहे, फुकटही आहे. पण तिने रोगाचं नाव एकदाही घेतलं नाही. तिला मी पाचच गुण देईन.

आमच्या घरात हे वारंवार व्हायचं याला आणखी एक कारण होतं. सासूबाई रात्री निजायच्या आधी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करतात. राउटर, प्रिंटर, टीव्ही, सगळं. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात इथे विजा पडतात तेव्हा गल्लीतले राउटर आणि सेटटॉप बॉक्स जळतात, आमचं एकही यंत्र आजवर जळलेलं नाही. फक्त प्रिंटर भिंतीवरून बंद करायच्या आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा, एवढं त्यांना सांगितलं. या जातीच्या प्रिंटरला बटणाने बंद केलं की शाईचं डोकं, म्हणजे ज्यातून शाई कागदावर पडते तो भाग, जागेवर जाऊन झाकलं जातं. मधेच वीज तोडली तर ते उघडं राहून वाळू शकतं. शिवाय दर वेळी चालू होताना तो थोडी शाई डोकं धुण्यात घालवतो, त्यामुळे दिवसातून दहादा बंद-चालू करणंही बरं नाही. सासूबाईंनी हे लगेच मानलं. डोकं वाळतं म्हटल्यावर त्यांना ते पटलंच. राउटर रात्री बंद होणार तो होणारच. मग उपाय असा हवा की सकाळी सगळं उठल्यावर प्रिंटरला आपलाच आकडा मिळावा.

तो उपाय फुकट आहे, आणि चहा संपेपर्यंत झाला. प्रिंटरवरचं माहितीचं बटण दाबून धरलं की तो आपली नेटवर्कची कुंडली छापतो. त्यावर वायफायचं नाव असतं, चालू आकडा असतो, आणि बारा अक्षर-अंकांचा मॅक अ‍ॅड्रेस असतो, जो त्या यंत्राचा जन्मजात असतो आणि बदलत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडलं. तिथला पासवर्ड राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला असतो, नसेल तर इंटरनेटवाल्याला विचारावा लागतो. डीएचसीपी नावाच्या भागात, म्हणजे जिथून आकड्यांचं वाटप होतं तिथे, आकडा राखून ठेवायची सोय असते, कुठे तिला रिझर्व्हेशन म्हणतात, कुठे स्टॅटिक लीज किंवा अ‍ॅड्रेस बाइंडिंग. तिथे प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस लिहून त्यापुढे ५० आकडा लिहिला. प्रिंटर बंद करून चालू केला, परत कुंडली छापली: १९२.१६८.१.५०. आता ५० हा घरात प्रिंटरचाच.

हाच आकडा प्रिंटरच्या आत जाऊनही पक्का करता येतो. पण मग तो राउटर ज्या टप्प्यातून आकडे वाटतो त्याच्या बाहेरचा घ्यावा लागतो, नाहीतर एकच आकडा दोघांकडे जाऊन नवीनच भांडण. राउटरवर केलेलं जास्त सुटसुटीत.

मग कॉम्प्युटरकडे. विंडोजमध्ये प्रिंटरच्या नावावर गेलं की 'प्रॉपर्टीज' आणि 'प्रिंटर प्रॉपर्टीज' अशा दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि पाहिजे ती दुसरी. त्यात पोर्ट्स, मग अ‍ॅड पोर्ट, मग स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, आणि तिथे ५० चा पूर्ण पत्ता. याच पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटस अशी एक खूण असते ती काढून टाकली. ती खूण असली की कॉम्प्युटर प्रिंटरला मधूनमधून प्रकृती विचारतो, आणि घरगुती प्रिंटरने वेळेत उत्तर दिलं नाही की चांगल्या चालत्या प्रिंटरला ऑफलाइन ठरवतो. मुलाच्या लॅपटॉपवर हे सगळं मी स्वतः केलं. डब्ल्यूएसडीचा जोडलेला प्रिंटर काढला, ५० चा घातला. प्रिंटरच्या यादीत एकाच प्रिंटरच्या 'कॉपी १', 'कॉपी २' अशा पिलावळी झाल्या होत्या, त्याही झाडून काढल्या. त्यातल्या एखाद्या मेलेल्या नावाला विंडोज आपणहून मुख्य प्रिंटर करून ठेवतं आणि आपण त्याच्यावर पानं सोडत बसतो. मुख्य प्रिंटर विंडोजने ठरवायची जी खूण असते तीही म्हणून बंद केली.

त्यानंतर पूर्ण पावसाळा गेला. लाइट किती वेळा गेली ते मोजायच्या भानगडीत मी पडले नाही. ऑफलाइन हा शब्द मात्र या कारणाने परत दिसलेला नाही.

'या कारणाने' असं म्हणते, कारण दुसऱ्या कारणांनी दिसलाय, आणि त्यात प्रिंटरचा दोष नव्हता. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. त्याच्या लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन चालू असलं की त्या लॅपटॉपला घरातलं काहीच दिसत नाही. त्याची सगळी ये-जा ऑफिसच्या बोगद्यातून. त्यावर घरच्या घरी उपाय नाही. व्हीपीएन सोडून प्रिंट द्यायची, नाहीतर पीडीएफ माझ्या फोनवर. मला मदत करणाऱ्या मुलीचा लॅपटॉप आम्ही पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वायफायवर जोडला होता. पाहुण्यांचं वायफाय मुद्दामच असं असतं की त्यावरून घरातली यंत्रं दिसू नयेत. तिला घरच्या वायफायचा पासवर्ड दिला, प्रश्न संपला. नवीन लॅपटॉप वायफायला पहिल्यांदा जोडताना विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिक की प्रायव्हेट असं ठरवावं लागतं. घरी असून पब्लिक राहिलं तर प्रिंटर शोधायला त्रास होतो.

आणि अडकलेली रांग. एक बिघडलेली फाइल पुढे बसते, 'डिलीटिंग' म्हणते, पण हलत नाही, आणि मागची सगळी पानं ताटकळतात. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा, थांबवायचा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूलच्या आत प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं ते रिकामं करायचं (फोल्डर नव्हे, त्याच्या आतल्या फाइली), आणि स्पूलर परत चालू करायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री हे माहीत असणं फार उपयोगाचं.

इंटरनेटवाल्याने राउटर बदलून दिला तर मात्र सगळं पहिल्यापासून, कारण राखीव आकडा जुन्या राउटरबरोबर जातो. आमचा अजून बदललेला नाही, बहिणीचा बदलला. तिचा प्रिंटर नव्या राउटरला जोडलाच जाईना. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षेवर होता आणि तिच्या प्रिंटरला डब्ल्यूपीए२ पर्यंतच कळतं. राउटरमध्ये दोन्ही एकत्र चालतील अशी निवड केल्यावर जुळलं. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले तर घरातली बाकीची यंत्रं आपोआप जोडली जातात, हा तिचा शोध. मला तो फार आवडला.

फोनवरून छपाईला मात्र मी पैकीच्या पैकी देते. जावेचा आयफोन, तिच्याकडे कंपनीचं अ‍ॅप नाही, काही नाही; घरी आली, वायफायला जोडली आणि रेल्वेचं तिकीट छापून मोकळी. अ‍ॅपशिवाय छापायची ही सोय, एअरप्रिंट, आयफोनवर २०१० पासून आहे आणि ते काय आहे हे तिला माहीतही नाही. सासूबाई टॅबवरून आरत्या मोठ्या अक्षरात छापून घेतात आणि गणपतीत सगळ्या गल्लीला वाटतात. त्यांना प्रिंटर एकदाही ऑफलाइन दिसलेला नाही. त्यांच्या मते हा फार गुणी प्रिंटर आहे, आणि माझी तक्रार म्हणजे कटकट.

केबलने का जोडत नाही, असं काही जण विचारतील. वर्गातल्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडला तर हा सगळा व्याप संपतो, खरं आहे. ज्यांच्या घरी एकच कॉम्प्युटर आणि तोही टेबलावर बसलेला, त्यांनी यूएसबीच लावावी आणि वायफायचे जास्तीचे पैसे वाचवावेत. आमच्याकडे छापणारे पाच जण, पाच जागी. वायफाय पाहिजेच होतं.

म्हणून माझा राग आहे तो कंपनीने वायफाय दिल्याचा नाही, अर्धवट दिल्याचा आहे. स्क्रीन असती तर प्रिंटरने स्वतःच सांगितलं असतं की माझा आकडा आता १२ आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक साधं बटण असतं, 'प्रिंटर पुन्हा शोधा', तर वॉरंटीतल्या मुलाची फेरी वाचली असती. खोक्यात एक पान जास्त टाकून राउटरमध्ये आकडा कसा राखायचा ते लिहिलं असतं, तर हेल्पलाइनला निम्मे फोन आलेच नसते. यातलं महाग काहीच नाही. वायफायला दहापैकी चार, तेही फोनमुळे.

घ्यावा का? शिकवण्या, छोटं ऑफिस, शाळेचे प्रकल्प करणारी मुलं असं रोजचं काम असेल तर शाईच्या टाकीचा प्रिंटर जरूर घ्या. छपाईचा खर्च इतका कमी येतो की बाकी चिडचिड सोसवते. महिन्यातून चारच पानं काढणार असाल तर घेऊ नका, शाईचं डोकं वाळेल आणि झेरॉक्सवाल्याकडेच जाल. घेताना मॉडेलच्या मागच्या बाजूला लॅनचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कची वायर लावायची जागा, आहे का बघा. राउटर जवळ असेल तर एका वायरने प्रिंटर राउटरला जोडायचा, घरातले सगळे फोन आणि कॉम्प्युटर तरीही वायफायवरूनच छापतात, आणि २.४, ५, पासवर्ड, लुकलुकते दिवे यांच्याशी प्रिंटरचा संबंध उरत नाही. आकडा तेवढा तरीही राखून ठेवावा लागतो. आम्ही घेतला तेव्हा याच कंपनीचं लॅन पोर्ट आणि छोटी स्क्रीन असलेलं मॉडेल दोनेक हजारांनी महाग होतं, आणि दुकानदार म्हणाला, "घरी कशाला लागतंय ते, मॅडम." आज मी तेच घेईन.